हजर होती, वर्गात नव्हती

सातवीच्या गणिताच्या बाईंना मुलं त्यांच्यामागे पुरावाबाई म्हणत. बाईंना हे ठाऊक होतं आणि खरं सांगायचं तर मनातून आवडतही होतं. वही घरी राहिली असं कुणी म्हटलं की त्या विचारायच्या, "पुरावा?" पोटात दुखतंय म्हटलं तरी तेच. एकदा शिपाईकाकांनी "घंटा वेळेवरच दिली" असं ठासून सांगितलं, तर दुसऱ्या दिवशी बाई नवऱ्याच्या दुकानातून नीट लावून घेतलेलं घड्याळ घेऊन घंटेखाली उभ्या राहिल्या होत्या. हा स्वभाव वडिलांकडून आलेला. वडील मोजणी खात्यात साखळी धरायचं काम करत आणि म्हणत, "कागदावर सगळ्यांचंच शेत चौकोनी असतं. साखळी टाकली की कळतं."

अशा बाईंना एका सोमवारी त्यांच्याच शब्दानं गप्प केलं.

शिक्षकांच्या खोलीत पहिल्या चाचणीच्या निकालावर बैठक चालली होती. सातवीच्या त्रेचाळीस मुलांपैकी अकरा गणितात नापास. मुख्याध्यापकांनी त्या अकरा जणांची यादीच करून आणली होती. प्रयोगशाळेपलीकडे मोडक्या बाकांची खोली होती, ती रिकामी करून या अकरा जणांची वेगळी तुकडी बसवायची, त्यांना सोपं पुस्तक द्यायचं आणि पुढच्या वर्षी बीजगणिताच्या वाटेला जाऊच द्यायचं नाही, असं ठरत आलं होतं. मुख्याध्यापक माणूस वाईट नव्हता. निकालाची टांगती तलवार त्यांच्याही डोक्यावर होतीच. पण अशा खोलीत गेलेलं पोर परत मूळ वर्गात आलेलं बाईंनी सव्वीस वर्षांच्या नोकरीत एकदाही पाहिलं नव्हतं.

"सर, ही मुलं मठ्ठ नाहीत," बाई म्हणाल्या. "कुठेतरी काहीतरी अडतंय."

मुख्याध्यापकांनी यादीवरची नजर न काढता विचारलं, "पुरावा?"

खोलीत हशा पिकला. विज्ञानाचे सर तर टेबलावर हात आपटून हसले. बाईंच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. सव्वीस वर्षं दुसऱ्यांना चिमटे काढले होते, आज तोच चिमटा स्वतःला बसला.

"महिनाभरात आणते," त्या म्हणाल्या.

"एक महिना," मुख्याध्यापक म्हणाले आणि यादी घडी करून खिशात ठेवली.

घरी जाऊन बाईंनी कपाटातून एक पातळ पुस्तिका शोधून काढली. वर्गातलं संशोधन शिक्षकानं स्वतः कसं करावं, प्रश्नावली कशी काढावी, मुलाखत कशी घ्यावी, असं त्यात लिहिलं होतं. कुठल्याशा प्रशिक्षणात ती सगळ्यांना मिळाली होती आणि सगळ्यांनी ती तितक्याच आदरानं कपाटात ठेवली होती. बाईंनी दोन संध्याकाळी बसून वीस प्रश्नांची प्रश्नावली तयार केली. गणित शिकवलेलं समजतं का, न समजल्यास विचारतोस का, फळा दिसतो का, घरी अभ्यासाला कोण मदत करतं. छापून आणल्यावर कागद इतके देखणे दिसले, की त्यांनी त्यातला एक उगीचच नवऱ्याला दाखवला.

नवरा घड्याळजी. बोलणं कमी, ऐकणं जास्त. त्यानं कागद भिंगाखाली धरल्यासारखा पाहिला आणि म्हणाला, "छान आहे. परीक्षेच्या पेपरासारखा दिसतोय."

बाईंना ती शाबासकी वाटली.

बुधवारी तिसऱ्या तासाला कागद वाटले. मुलांनी माना खाली घालून, अगदी शिस्तीत भरून दिले. संध्याकाळी बाईंनी मोजदाद केली आणि त्यांना आनंदानं काय करू नि काय नको असं झालं. समजतं का? बेचाळीस जण म्हणत होते, समजतं. विचारतोस का? हो, नेहमी. मग अडतंय कुठे, हा प्रश्न मनात डोकावला, पण आनंदाच्या भरात बाईंनी त्याला दारातूनच परत पाठवलं. मग त्या सतराव्या प्रश्नाला आल्या. घरी मदत कोण करतं? एकानं लिहिलं होतं, माझी मावशी. दुसऱ्यानंही, माझी मावशी. तिसऱ्यालाही मावशीच.

"अहो," बाईंनी हाक मारली, "एका वर्गात एकोणीस मुलांना मावशी शिकवते म्हणजे जरा जास्तच होतंय, नाही?"

"एकच मावशी असेल," नवरा घड्याळातून मान वर न काढता म्हणाला.

आणि तसंच निघालं. दुसऱ्या दिवशी बाईंनी वर्गात विचारलं तेव्हा पहिल्या नंबरची मुलगी रडकुंडीला येऊन उभी राहिली. मावशी तिची होती. "बाई, मी हात आडवा धरला होता, तरी यांनी बघितलं." तिच्या मागच्या बाकावरच्या मुलानं सरळ कबूल केलं, "बाई, पेपर होता ना. बरोबर उत्तर तिलाच माहीत असतं. चुकलं असतं तर मार्क गेले असते." त्याच्या घरी मावशी नव्हतीच, पण मार्कांसाठी एक मावशी मानायला त्याची काही हरकत नव्हती.

बाई खुर्चीत बसल्या. शाळेत छापील कागद आला की तो पेपर, पेपर आला की उत्तर बरोबर हवं, आणि बरोबर उत्तर पुढच्या बाकावर असतं. ही शिकवण या मुलांना कुणी दिली, हे विचारायला लांब जायची गरज नव्हती. गठ्ठा त्यांनी टेबलाच्या खालच्या खणात टाकला. महिन्यातले नऊ दिवस गेले होते.

मग राहिल्या मुलाखती. बाईंनी ग्रंथालयाचा कोपरा मागून घेतला, दोन खुर्च्या समोरासमोर न ठेवता शेजारी ठेवल्या, कारण पुस्तिकेत तसं लिहिलं होतं, आणि मधल्या सुट्टीत एकेका मुलाला बोलावू लागल्या. बोलणं फोनवर रेकॉर्ड करायचं, मुलाला आधी विचारून. पहिल्या मुलाची मुलाखत फारच रंगली असं त्यांना वाटलं. घरी येऊन त्यांनी ती नवऱ्याला ऐकवली. त्यानं सवयीनं स्टॉपवॉच लावलं.

"साडेअकरा मिनिटं," शेवटी तो म्हणाला. "त्यातली पावणेदहा मिनिटं तू बोलतेस. मुलाखत कोणाची होती?"

"मी त्याला बोलतं करत होते."

"तो 'हो बाई' अकरा वेळा म्हणाला. बोलता झाला म्हणायचं."

बाईंनी त्या रात्री त्याच्याशी बोलणं टाकलं, पण सकाळी रेकॉर्डिंग पुन्हा एकटीनं ऐकलं आणि शरमल्या. मुलानं उत्तरासाठी तोंड उघडलं की त्या पुढचा प्रश्न विचारत होत्या. एका ठिकाणी तर प्रश्नही त्यांचा आणि उत्तरही त्यांचंच होतं. सव्वीस वर्षांची जीभ, ती एकदम कशी थांबणार? म्हणून बाईंनी एक उपाय काढला. प्रश्न विचारायचा आणि मनातल्या मनात एकोणतीसचा पाढा म्हणायचा. पाढा संपेपर्यंत तोंड उघडायचं नाही. दोनचा पाढा चालला नसता, तो फार लवकर संपतो.

पाढ्यानं जादू केली. तिसऱ्या मुलाखतीला ज्या मुलीला बोलावलं तिला सगळी शाळा भिंगरी म्हणायची, कारण तिच्या पायाला भिंगरी होती. अकरा जणांच्या यादीत तिचं नाव सगळ्यांत वर होतं. ती खुर्चीच्या काठावर बसली, आत्ता उठायला सांगतील अशी.

"अपूर्णांकांची बेरीज शिकवली, तेव्हा तुला कुठे अडलं?" बाईंनी विचारलं आणि गप्प झाल्या.

एकोणतीस एके एकोणतीस. भिंगरीनं खिडकीकडे पाहिलं. एकोणतीस त्रिक सत्त्याऐंशी. तिनं फ्रॉकची शिवण बोटानं सरळ केली. एकोणतीस सत्ते दोनशे तीनपर्यंत बाई आल्या, जीभ दातांखाली धरून, आणि मुलगी म्हणाली, "मी नव्हते बाई."

"होतीस की. हजेरीपटावर हजर आहेस."

"हजर होते. वर्गात नव्हते."

आता पाढ्याची गरज उरली नव्हती, बाईंना सुचतच नव्हतं काही.

"तुम्हीच पाठवलं होतं," भिंगरी समजावण्याच्या सुरात म्हणाली. "रंगीत खडू आणायला. तिथं क्लार्ककाकांनी नोटीस दिली फिरवायला. मग आठवीच्या सरांनी वह्यांचा गठ्ठा पोचवायला सांगितला. परत आले तर फळ्यावर गृहपाठ होता. तो लिहून घेतला मी."

"असं नेहमी होतं?"

"नेहमी नाही. पण मलाच पाठवतात जास्त." आणि इथे तिचा चेहरा उजळला. "माझ्याइतकं लवकर कोणी जाऊन येत नाही बाई."

बाईंनी उरलेल्या आठ जणांच्या मुलाखती त्या आठवड्यात संपवल्या, आणि पहिल्या मुलाची तर परत घेतली, या वेळी तो बोलला. शब्द वेगवेगळे, गोष्ट एकच. कुणी घंटेचा निरोप घेऊन, कुणी पाण्याचा जग भरायला, कुणी दुसऱ्या वर्गातली खुर्ची आणायला. तक्रार एकाचीही नव्हती. उलट सगळे ते मान म्हणून सांगत होते. शिकवणं चालू असताना हुशार मुलाला उठवायला शिक्षकाचं मन धजत नाही, त्याचं नुकसान होईल. मग उठवायचं कुणाला? ज्याला नाहीतरी समजत नाही त्याला. आणि त्याला समजत का नाही, तर तो वर्गात नसतो. बाईंनी हे वहीत लिहिलं.

पण अकरा मुलांचं म्हणणं म्हणजे अजून साखळी टाकलेली नव्हती. मोजायला हवं होतं. बाईंनी पुन्हा प्रश्नावली काढली, या वेळी वहीच्या पानाच्या चतकोरावर, हातानं लिहून. आज तासाला बाहेर गेलात का? कोणी पाठवलं? घड्याळात बघून, किती मिनिटं? नाव ज्याचं त्यानं लिहायचं. शाळा सुटताना प्रत्येकानं चिठ्ठी खडूच्या रिकाम्या खोक्यात टाकायची. "याला बरोबर उत्तर नाही," बाईंनी त्रेचाळीस जणांना बजावलं. "शेजाऱ्याचं बघून लिहाल तर तुम्हाला शेजाऱ्याचे पाय फुटतील." मुलं हसली, आणि मुख्य म्हणजे त्यांना पटलं. मोजणी संपेपर्यंत नेहमीची रीत बदलायची नाही असं पुस्तिकेत होतं, म्हणून बाईंनीही आपली रीत तशीच चालू ठेवली.

दहा दिवसांच्या चिठ्ठ्या जमल्या. एका रविवारी सकाळी बाईंनी जेवणाचं टेबल मोकळं केलं आणि नवऱ्याला समोर बसवलं. तो वाचायचा, त्या रेघा ओढायच्या. एकूण बाहेरच्या फेऱ्या एकशे बावन्न. त्यातल्या एकशे सव्वीस या अकरा जणांच्या. बाकी बत्तीस मुलांच्या मिळून सव्वीस. एका फेरीला सरासरी बारा मिनिटं. म्हणजे दहा दिवसांत प्रत्येकाच्या जवळजवळ चार तासिका हवेत गेल्या. बाईंचा चेहरा फुलला. पुरावा असावा तर असा.

मग नवरा म्हणाला, "कोणी पाठवलं ते मोजायचं राहिलं."

तेही मोजलं. बाईंनी दुसऱ्या शिक्षकांची नावं न लिहिता क, ख, ग अशी अक्षरं दिली होती, कुणाला वाईट वाटायला नको म्हणून. मुख्याध्यापकांचं कार्यालय एकोणीस. क, म्हणजे विज्ञानाचे सर, तेवीस. आणि सगळ्यांच्या वर, एक्केचाळीस रेघांचं कुंपण घालून, गणित.

बाईंनी पुन्हा मोजलं. तिसऱ्यांदाही मोजलं. आकडा हलेना.

"तुझी हरकत नसेल तर या अक्षरांत तूही एक अक्षर हो," नवरा हळूच म्हणाला. "कोणाला कळणार आहे?"

बाईंनी त्याच्याकडे असं पाहिलं, की तो उठून चहा टाकायला गेला. ज्या मुलांसाठी त्या भांडायला निघाल्या होत्या, त्यांना सर्वांत जास्त वेळा वर्गाबाहेर त्यांनीच काढलं होतं. वाईट वाटलं, फार वाईट वाटलं. तरी त्यांनी तक्त्यात पहिल्या ओळीत लिहिलं: गणित, म्हणजे मी स्वतः, एक्केचाळीस.

सोमवारी सकाळी भिंगरी व्हरांड्यात भेटली. चिठ्ठ्यांत तिच्या फेऱ्या तेवीस होत्या, सगळ्यांत जास्त. बाईंनी तिला ते सांगितलं, कारण मुलाखत दिलेल्याला निष्कर्ष सांगावा असं पुस्तिकेत होतं. भिंगरीनं क्षणभर विचार केला.

"म्हणजे माझा पहिला नंबर आला?"

बाईंना हो म्हणवेना आणि नाही म्हणवेना. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि बैठकीला गेल्या.

बैठकीत त्यांनी तक्ता भिंतीला लावला आणि वाचला. मुलांचे शब्द नावं गाळून जसेच्या तसे वाचले. 'हजर होते, वर्गात नव्हते' हे वाक्य आलं तेव्हा खुर्च्यांची करकर थांबली. मग विज्ञानाच्या सरांना राहवलं नाही. "म्हणजे आता खडूही आम्हीच आणायचा? दोष मुलांचा आणि शिक्षा आम्हाला?"

"दोष कोणाचा ते पहिल्या ओळीत आहे," बाई म्हणाल्या. "वाचा."

सरांनी वाचलं आणि खाली बसले. सगळ्यांना ज्या बाईंवर हसायचं होतं, त्यांनी स्वतःचंच नाव भिंतीवर टांगलं होतं, आता हसणार कुणाला? त्या वेळी त्या खोलीत ताठ मानेनं उभी असलेली ती एकच व्यक्ती होती, आणि तो ताठपणा तिनं कमावलेला होता.

मुख्याध्यापकांनी उठून कार्यालयाचे एकोणीस जवळून पाहिले. "तीन महिने देतो," अखेरीस ते म्हणाले. "तास चालू असताना कोणालाही बाहेर पाठवायचं नाही. तीन महिन्यांनी चाचणी. त्यात जे नापास होतील ते वेगळ्या तुकडीत. मग मात्र पुरावा नको."

तीन महिने सोपे गेले नाहीत. खडू, नोटिसा, पाण्याचे जग, सगळं मोठ्यांच्या अंगावर आलं आणि मोठे कुरकुरले. भिंगरीला तर ही शिक्षाच वाटली. पहिले पंधरा दिवस ती फुरंगटून बसली. "माझं काय चुकलं बाई?" असं तिनं दोनदा विचारलं. पस्तीस मिनिटं एका जागी बसायची तिच्या पायांना सवयच नव्हती. बाईंनी त्या अकरा जणांना अपूर्णांक पहिल्यापासून शिकवले, मधल्या सुट्टीत, कागदाच्या पट्ट्या कापून. प्रश्न विचारला की पाढा म्हणत थांबल्या. कधीकधी अख्खा पाढा संपायचा आणि पुन्हा एकोणतीस एके सुरू व्हायचा.

चाचणी झाली. अकरांपैकी नऊ जण पास झाले. विज्ञानाचे सर आपण होऊन बाईंपाशी आले आणि म्हणाले, "मानलं." दोघं राहिले. एक मुलगा आणि भिंगरी. तिला तीन मार्क कमी पडले होते.

मुख्याध्यापकांनी पेपर चाळले. "नऊ सुटले, अभिनंदन. या दोघांचं काय ते उद्या सांगतो."

बाईंना त्या उद्याची धास्ती होती. दोन मुलांसाठी खोली उघडणार नाहीत, पण खालच्या वर्गात तर बसवतील. दुसऱ्या दिवशी त्यांनी वर्गाला पेपर परत देऊन चाचणीतलीच गणितं पुन्हा सोडवायला दिली आणि बाकांमधून फिरत राहिल्या. लक्ष मात्र दाराकडे.

दारात मुख्याध्यापक आलेच. पण हातात नोटीस होती. क्लार्ककाका रजेवर होते आणि सर घाईत. वर्गावर फिरलेली त्यांची नजर सवयीनं जिथं थांबायची तिथंच थांबली. "भिंगरी, जरा पटकन ही सगळ्या वर्गांत फिरवून आण बघू."

आपलाच नियम ते विसरले होते. बाईंनी तोंड उघडलं, पण भिंगरी आधीच उभी राहिली होती. एक पाय बाकाबाहेर आलासुद्धा. मग तिनं वहीकडे पाहिलं, सरांकडे पाहिलं आणि पाय आत घेतला.

"सर, माझं गणित अर्धं झालंय," ती म्हणाली. "पुरं झालं की नेते."

सरांचा नोटिशीचा हात तसाच राहिला. मग ते आत आले, तिच्या बाकापाशी वाकले. "कुठवर आलंय?"

"इथवर. छेद सारखा केला, पण वरचा आकडा गुणायचा राहिला." तिनं चाचणीचा पेपर वहीशेजारी सरकवला. "इथंही राहिला होता, इथंही आणि इथंही. म्हणून तिन्ही गणितं चुकली. मला आत्ता कळलं."

सर पेपर पाहत होते. बाई फळ्यापाशी उभ्या होत्या आणि त्यांना इतका अभिमान वाटत होता, की पास झालेल्या नऊ जणांचाही तेवढा वाटला नव्हता. सव्वीस वर्षांत अनेक मुलांनी त्यांना बरोबर उत्तर दिलं होतं. आपली चूक अशी बोट ठेवून कुणी दाखवली नव्हती.

मुख्याध्यापक सरळ झाले. "बाई," ते जाता जाता म्हणाले, "त्या दोघांना इथेच राहू द्या." आणि नोटीस घेऊन स्वतःच पुढच्या वर्गाकडे निघाले. भिंगरी खाली बसली आणि राहिलेला आकडा गुणू लागली.